‘झाड पिवळं पडलंय, काय घालू?’ : बागवाल्या मित्रांना सल्ला विचारताना या चुका टाळा

गच्चीवरच्या माझ्या अनंताची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी आठवड्याभरात सात जणांना गाठलं. समोरच्या इमारतीतले काका म्हणाले, शेणखत कमी पडतंय. एका मैत्रिणीने धुतलेली चहापत्ती घालायला सांगितली. सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी खिशातून कागद काढून त्यावर ‘एप्सम सॉल्ट’ लिहून दिलं. कुडाळची आत्या फोनवर हसली. “अगो, अनंताला काय करायचं असतं? लावायचा नि विसरायचा.” विसरणं सोडून मी बाकी सगळं केलं. झाड तसंच पिवळं.

सातही जण मनापासून सांगत होते आणि सातही जणांचे अनंत फुलत होते. पण आमच्या सोसायटीत वर्षातले आठ महिने बोअरचं पाणी येतं, हे मी एकालाही सांगितलं नव्हतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, नळाच्या जाळ्या चुन्यासारख्या खड्यांनी भरतात, असलं ते पाणी. ते वर्षानुवर्षं कुंडीत पडलं की माती अल्कधर्मी होत जाते. मग मातीत लोह असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यातून खूण तर डोळ्यांसमोर होती: पावसाळ्यात झाड हिरवंगार, दिवाळीनंतर पिवळं. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, एवढं साधं गणित होतं. दोन वर्षं ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही, कारण मी सगळ्यांना एवढंच सांगत होते की ‘पिवळं पडलंय’.

समोरच्याला आपली कुंडी दिसत नसते. तो त्याच्या कुंडीबद्दल बोलतो. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त विचारणाऱ्याच्या असतात.

‘काय घालू?’ असं विचारणं

या प्रश्नात आपण निदान आधीच करून टाकलेलं असतं: काहीतरी कमी आहे आणि ते बाहेरून घालायचंय. कुंडीतल्या झाडांच्या बाबतीत बऱ्याचदा उलट असतं, काहीतरी जास्त झालेलं असतं, आणि ते बहुधा पाणी. मुळं कुजायला लागली की झाड पाण्याअभावी मलूल झाल्यासारखंच दिसतं, कारण कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. आपण आणखी झारीभर घालतो.

म्हणून ‘काय घालू’ विचारायच्या आधी दोन-तीन गोष्टी स्वतः बघा. बोट मातीत दोन पेरं खाली घाला. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर वरचा थर कोरडा आणि तळाशी चिखल, असं हमखास असतं. कुंडीच्या भोकातून पाणी निघतंय का, की मुळांनी भोक बुजवलंय, तेही पाहा. मे महिन्यात दुपारी माना टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप सावरत असेल, तर त्याला तहान लागलेली नाही, फक्त उकडतंय. सकाळीही मान खालीच असेल तर मात्र काळजीचं.

पिवळेपणाही एकसारखा नसतो. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी असू शकतं, कारण ही द्रव्यं झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवतं. नवी, शेंड्याकडची पानं आधी पिवळी पडत असतील तर लोहाकडे बघायचं, कारण लोह तसं हलवता येत नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. माझ्या अनंताची शेंड्याची पानं पिवळी होती, त्यामुळे त्या कागदावरच्या औषधाचा उपयोग होणारच नव्हता. पण कुठली पानं पिवळी आहेत, हे त्या गृहस्थांना मी सांगितलं होतं कुठे!

टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडतो तेव्हाही हाच घोळ. कुणीतरी एप्सम सुचवतं, कुणी अंड्याची टरफलं. तो डाग फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याचा असतो, आणि ते न पोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं पाणी. मॅग्नेशियम आणखी घातलं तर कॅल्शियमची वाट जास्तच अडते. टरफलं कुजायला इतका वेळ घेतात की तोवर टोमॅटोचा हंगाम संपतो.

गाव, पाणी, ऊन न सांगणं

कोकणातली जांभ्याची माती आम्ल, तिला थोडा चुना मानवतो. देशावरची काळी माती बहुतेक ठिकाणी आधीच अल्कधर्मी. दापोलीच्या माणसाचा ‘मूठभर चुना टाक’ हा सल्ला सोलापुरात पाळला तर झाड आणखी पिवळं पडेल. दोघंही मराठीच बोलतात, त्यामुळे माती वेगळी आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

उन्हाचंही तसंच. ‘गॅलरीत ऊन येतं’ म्हणजे कधी? उत्तरेकडच्या गॅलरीत डिसेंबरात उन्हाचा कवडसाही नसतो. पण पुण्यात साधारण १३ मेला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. जानेवारीत सावलीची म्हणून आणलेली झाडं त्याच गॅलरीत मे महिन्यात करपतात, आणि आपण रोपवाटिकावाल्याला दोष देतो. विलायती व्हिडिओतलं ‘भरपूर ऊन’ तर वेगळंच. तिकडच्या उन्हाळ्यातलं आठ तासांचं ऊन आणि नागपूरचं मेमधलं आठ तासांचं ऊन यांना एकच शब्द लावणं गंमतीचं आहे. इथे त्याच झाडाला पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लागते.

ही चूक मी सल्ला देणारी म्हणूनही केली आहे. न्यू जर्सीच्या माझ्या मावसबहिणीने जानेवारीत विचारलं, “ताई, कढीपत्त्याला पाणी किती घालायचं गं?” मी इथे, पुण्यात, गच्चीवर उभी होते. “एक दिवसाआड घाल की,” म्हटलं. तिचा कढीपत्ता घरात, खिडकीशी, थंडीने झोपी गेलेला. पानं गळलेली, वाढ थांबलेली, माती आठ-आठ दिवस ओली. मार्चपर्यंत मुळं कुजून गेली. ती मला काही बोलली नाही. दुसरं रोप महाग पडलं, एवढं मात्र पुढच्या फोनवर सांगितलं.

आता मी कुणाला विचारते तेव्हा असं लिहून पाठवते: ‘पुणे, चौथ्या मजल्यावरची उघडी गच्ची. जास्वंद, तीन वर्षांची, १२ इंची मातीची कुंडी. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट. पाणी बोअरचं, एक दिवसाआड. दुपारी बारापर्यंत ऊन. कळ्या धरतात आणि फुलायच्या आधी गळतात, पंधरा दिवसांपासून. त्याआधी कुंडीची जागा बदलली होती.’ निम्म्या वेळा शेवटचं वाक्य लिहितानाच उत्तर सापडतं. सोबत फोटो चार: अख्खं झाड, नवं पान, जुनं पान, आणि पानाची मागची बाजू. पिठ्या ढेकूण, मावा, लाल कोळी, सगळे मागेच दडलेले असतात. रात्री फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत पिवळं काय आणि हिरवं काय, कळत नाही. फोटो सकाळचा हवा.

‘एक चमचा’ आणि ‘थोडंसं’

कुठला चमचा? चहाचा ५ मिलिलिटरचा, पोहे खायचा १५ च्या आसपास, आणि आमटीच्या डावालाही काही घरांत चमचाच म्हणतात. कडुनिंबाचं तेल लिटरभर पाण्याला ५ मिलिलिटर पुरतं. ते पाण्यात नुसतं तरंगतं, म्हणून आधी भांड्यांच्या लिक्विड साबणाचे थेंब घालून घुसळून घ्यायचं. हे शेवटचं वाक्य सांगायला सगळे विसरतात. मग फवाऱ्यातून आधी नुसतं पाणी उडतं आणि शेवटी शुद्ध तेल, आणि शेवटची दोन झाडं भाजतात. फवारणी ऊन उतरल्यावर, आणि आधी दोन पानांवर करून बघून.

जीवामृताची, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताची, गोष्ट याहून मजेशीर. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांनी (२०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली) लोकप्रिय केलेली कृती अशी: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. हे एका एकराचं माप आहे. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तुमची गच्ची २०० चौरस फुटांची असेल तर हिशोबाने लिटरभरही लागत नाही. लोक मात्र अर्धी बादली करतात, एकेका कुंडीत मगभर ओततात, आणि वास येतो म्हणून खालच्या मजल्यावरच्यांशी भांडण होतं ते निराळंच. शेताचं माप कुंडीला लावताना दहापट पाणी घालून पातळ करावं आणि महिन्यातून एकदोनदाच द्यावं. रासायनिक खतात तर याहून जपून. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक-दोन ग्रॅम म्हणजे कागदावर जेमतेम चिमटी-दोन चिमटी दिसते, आणि ‘एवढ्याने काय होणार’ म्हणून मूठ जाते.

पाच सल्ले एकाच झाडावर, एकाच आठवड्यात

अनंताच्या वेळी मी नेमकं हेच केलं. शेणखत, चहापत्ती, एप्सम, जागा बदलली, छाटणीही केली. समजा झाड सुधारलं असतं, तरी कशाने ते कळलं नसतं. आणि बिघडलं असतं तर सातातल्या कुणाला बोल लावायचा?

एका वेळी एक बदल, आणि त्याला पंधरा दिवस. नवी पालवी कशी येते ते बघायचं. जुनं पिवळं पान पुन्हा हिरवं होण्याची वाट बघू नका. एकाच जातीच्या दोन कुंड्या असतील तर एकीला औषध आणि दुसरीला काहीच नाही. दुसरीही आपोआप सुधारली, तर औषधाचं कौतुक थांबवायचं. श्री. अ. दाभोलकरांनी उभ्या केलेल्या ‘प्रयोग परिवारा’चा गाभा हाच होता. लागवड करणाऱ्याने आपल्याच रानात प्रयोग करायचा आणि अनुभव दुसऱ्याला सांगायचा. द्राक्षबागायतदारांपासून परसबागवाल्यांपर्यंत माणसं त्यात जोडली गेली. आपण त्यातलं ‘सांगायचा’ एवढंच उचललं आहे, प्रयोग गाळून.

माझ्या अनंताचं शेवटी काय केलं? कुंडीतली निम्मी माती बदलली, पावसाचं पाणी दोन पिंपांत साठवलं आणि चिलेटेड लोह, म्हणजे अल्कधर्मी मातीतही मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, दिलं. अल्कधर्मी मातीत साधं हिराकस (फेरस सल्फेट) फार टिकत नाही. पिंपांना घट्ट झाकण हवं, नाहीतर डास होतात. दीड महिन्याने शेंडे हिरवे आले.

मित्रांना विचारूच नयेत असे प्रश्न

‘गच्चीवर विटांचा वाफा बांधू का?’ याला ‘आमच्याकडे दहा वर्षं आहे, काही झालं नाही’ हे उत्तर चालत नाही. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये (इमारतींवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या) धरलेला भार आहे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो. फूटभर खोल ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जातं. २०० लिटरचा निळा पिंप आडवा कापून भरलात तर अर्ध्या पिंपाचं वजन दोन माणसांहून जास्त. पिंप कडेला, तुळईवर किंवा खांबाच्या डोक्यावर ठेवता येतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअर घराचे नकाशे पाहून सांगेल. त्याची फी वाचवू नका.

भिंतीची ओल तशीच. मित्र रंगाचं नाव सांगतात. ओल कुठून येते ते आधी कळायला हवं. हातभर प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडून थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या दमट हवेचं आहे. पहिल्या प्रकारात कितीही महागडा रंग लावा, पुढच्या श्रावणापर्यंत लोणा फुटून पापुद्रे निघतात. आणि वर गच्चीवर त्याच जागी कुंड्यांची रांग असेल तर आधी त्या स्टँडवर उचला.

‘तुम्ही स्वतः केलंय का?’ हे न विचारणं

हा प्रश्न उद्धट वाटतो, म्हणून आपण गिळतो. कढीपत्त्याला आंबट ताक घालायचं, हे मला आमच्या जुन्या वाड्यातल्या एका आजींनी सांगितलं होतं. मी तीन वर्षं इमानाने घातलं, पाणी घालून पातळ केलेलं. झाड चांगलं वाढलं. ते ताकाने की मोठ्या कुंडीने, देव जाणे, कारण दोन्ही एकाच महिन्यात केलं होतं. गेल्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा कौतुकाने सांगितलं, आजी, तुमच्या ताकाने कढीपत्ता छातीपर्यंत आलाय. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “होय का? आता मीही घालून बघते मग.”