शर्यतीच्या घोड्याची रक्तशर्करा आणि चंदी: या चुका टाळा

सकाळी नऊला ग्लुकोमीटरवर १५० दिसलं की मालक लगेच चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तोडतो. आधी एवढंच विचारा: तोबरा (चंदीची पिशवी) कधी दिला होता? चंदीनंतर दीड-दोन तासांत साखर सर्वांत वर चढते, पूर्ववत व्हायला चार ते सहा तास लागतात. उपाशीपोटी सुमारे ७५ ते ११५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ठीक. म्हणून मोजायचं ते पहाटे, चंदीआधी, दररोज त्याच वेळेला. सारंगखेड्याच्या बाजारातून गाडीने नुकताच नाशकात उतरलेला घोडा तपासू नका. ताणानेही साखर चढते, झायलाझिन या गुंगीच्या औषधाच्या इंजेक्शननेही.

माणसांच्या ग्लुकोमीटरवर विसंबू नका. पळून आलेल्या किंवा बुजलेल्या घोड्याची प्लीहा राखीव तांबड्या पेशी रक्तात सोडते. रक्त दाट होतं आणि आकडा बहुधा कमी दिसतो. खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवा, तोही फ्लोराइडच्या, राखाडी झाकणाच्या नळीत आणि बर्फपेटीतून. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात, मे महिन्यात तर झपाट्याने.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे. साखर नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहणं! घोड्यात साखर बरोबर असतानाही इन्सुलिन वाढलेलं असू शकतं आणि त्यातून लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली वेदनादायक सूज, होतो. मानेवर चरबीचा कडक पट्टा, गरम खूर, दगडावर जपून पडणारं पाऊल, यातलं काहीही दिसलं तर पशुवैद्यांकडून इन्सुलिन तपासून घ्या. अशा घोड्याला गूळ आणि काकवी बंद. बागेतून येणारी द्राक्षांची पाटीही परत पाठवा. किलोभर द्राक्षांत दीडशे ग्रॅमच्या वर साखर असते.

एका वेळच्या चंदीत स्टार्च घोड्याच्या वजनाच्या किलोमागे १ ग्रॅमच्या आत ठेवा. ४०० किलोच्या घोड्याला म्हणजे ओट सुमारे एक किलो किंवा जव पाऊण किलो. जास्त लागत असेल तर तोबरे वाढवा, माप नाही. सुका चारा दिवसाला किमान ६ किलो. ताकद कमी पडते असं वाटलं तर तेल द्या, ५० मिलीपासून हळूहळू वाढवत.

शर्यतीआधी तासा-दोन तासांत चंदी दिली की इन्सुलिन चढलेलं असताना घोडा पळतो, साखर धाडकन खाली येते आणि चरबीही नीट जळत नाही. शेवटची चंदी किमान चार तास आधी द्या, मधल्या वेळेत थोडं वाळलेलं गवत. चंदीतला कुठलाही बदल दहा ते चौदा दिवसांत करा, दर तीन-चार दिवसांनी पाव हिस्सा.