ज्यूंना आसरा देणाऱ्या शेतकरी घराची गोष्ट मुलांना कशी सांगाल?

नववी-दहावीच्या मुलांना मी इतिहास शिकवते. होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा धडा आला की खेड्यातल्या ज्या साध्या घरांनी ज्यूंना लपवलं, त्यांच्याबद्दल मी सांगतेच. पण ‘फार शूर माणसं होती’ एवढ्यावर गोष्ट संपवली तर मुलांच्या हाती काही लागत नाही. म्हणून सुरुवात स्वयंपाकघरापासून करा.

एकच कुटुंब निवडा. मी आग्नेय पोलंडमधल्या मार्कोवा गावचं उल्मा कुटुंब घेते. युझेफ शेतकरी, फळबागेचा आणि फोटो काढण्याचा नाद असलेला. बायको विक्टोरिया आणि सहा लहान मुलं. १९४२च्या अखेरीपासून त्यांच्याकडे आठ ज्यू राहत होते.

फळ्यावर लिहा: आठ अधिक आठ. मग विचारा, सोळा जणांचं पीठ कुठून आणायचं? दुप्पट सामान नेताना कुणी हटकलं तर काय सांगायचं? कपडे कुठे वाळत घालायचे? शौचाची बादली कुणी, कोणत्या वेळी रिकामी करायची? थोरली स्तानिस्वावा जेमतेम सहा-सात वर्षांची. बाहेर काय बोलायचं नाही, हे तिला कसं समजवायचं? इथे घाई करू नका, अख्खा तास गेला तरी चालेल. धाडस रोजच्या रोज करावं लागतं म्हणजे काय, ते मुलांना इथेच उमगतं.

मग कायदा सांगा, कारण धोका सगळीकडे सारखा नव्हता. ऑक्टोबर १९४१च्या जर्मन हुकुमानुसार पोलंडच्या त्या भागात आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. नेदरलँड्समध्ये पकडलं गेल्यास बहुधा तुरुंग किंवा छळछावणी. अल्बानियात वेसेली या मुस्लिम कुटुंबाने मांदिल या ज्यू कुटुंबाला डोंगरातल्या गावी नेलं. मोठी माणसं गोठ्यावरच्या खोलीत लपली, मुलं मात्र घरच्या मुलांत मिसळून उघड वावरली.

पैशांचा प्रश्न मुलं विचारतातच. टाळू नका. गरीब घराला जास्तीची तोंडं पोसायला खर्च लागायचा, तो काहींनी लपलेल्यांकडून घेतला. होलोकॉस्टची स्मृती जपणारी जेरुसलेमची याद वाशेम संस्था ज्यूंना वाचवणाऱ्यांचा गौरव करताना पैशांच्या बाबतीत एवढंच बघते की मदत पैशाच्या अटीवर केली होती का. तिने आजवर २८,०००हून अधिक जणांना गौरवलंय, त्यांत सर्वाधिक पोलंडचे. संकेतस्थळावर नावाने आणि देशाने शोधता येतं. गौरव मुख्यतः वाचलेल्यांच्या साक्षीवरून होतो, त्यामुळे घरातले बारीक तपशील तिथे सापडतात.

२४ मार्च १९४४ची पहाट आडपडदा न ठेवता सांगा. जर्मन पोलिसांनी आधी ज्यूंना, मग युझेफ आणि गरोदर विक्टोरियाला, मग सहाही मुलांना गोळ्या घातल्या. लपलेल्यांना नुसतं ‘आठ ज्यू’ म्हणू नका, याबद्दल मी फार आग्रही आहे. साउल गोल्डमन आणि त्यांचे चार मुलगे, गोल्डा ग्रुनफेल्ड, लेआ डिड्नर आणि तिची छोटी मुलगी.

‘तुम्ही असतात तर काय केलं असतं?’ हा प्रश्न मी वर्गात विचारत नाही. मुलं शिक्षकांना आवडेल तेच उत्तर देतात. त्याऐवजी शेजाऱ्यांबद्दल विचारा: कुणाला कळलं असेल, कोण गप्प राहिलं असेल? मार्कोवातल्या इतर काही घरांत लपलेले ज्यू युद्ध संपेपर्यंत जगले, हेही सांगा. आणि पोलंडमध्ये आसरा देणाऱ्या कित्येकांनी युद्धानंतरही शेजाऱ्यांच्या भीतीने ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही, हे गाळू नका.