स्थितिकीची उदाहरणे सोडवताना या चुका टाळा

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स शिकताना स्थितिकीचा, म्हणजे स्थिर वस्तूंवरील बलांचा, भाग वरवर सोपा वाटतो, कारण एका प्रतलातील वस्तूसाठी समतोलाची समीकरणे अवघी तीन असतात: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य आणि कोणत्याही एका बिंदूभोवती आघूर्णांची, म्हणजे वर्गात ज्याला आपण मोमेंट म्हणतो त्या बल गुणिले लंब अंतर या गुणाकारांची, बेरीज शून्य. तरीही उत्तर चुकते, आणि मग विद्यार्थी बेरीज-वजाबाकी पुन:पुन्हा तपासत बसतो. माझ्या मते हा शोध बहुतेक वेळा चुकीच्या जागी चाललेला असतो, कारण समीकरण लिहायला घेण्यापूर्वीच आकृतीत काहीतरी राहून गेलेले असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रश्नात छापलेल्या आकृतीवरच बाण काढणे. मुक्त पिंड आकृती, अर्थात एफबीडी, काढायची म्हणजे वस्तू तिच्या आधारांपासून खरोखर सुटी करायची आणि जो आधार, दोरी किंवा पृष्ठभाग काढून टाकला त्याच्या जागी त्याने दिलेले बल दाखवायचे. आधार आकृतीत तसाच ठेवला, तर त्याची प्रतिक्रिया विसरली जाते किंवा दोनदा मोजली जाते. हिंज दोन दिशांचे सरकणे रोखतो म्हणून त्याची दोन अज्ञात बले असतात. भिंतीत पक्का बसवलेला आधार फिरणेही रोखतो, म्हणून तेथे तिसरे अज्ञात, आघूर्ण, येते. रोलरची प्रतिक्रिया मात्र ‘नेहमी उभी’ असते असा जो समज पसरला आहे तो खोटा आहे, कारण ती रोलर ज्या पृष्ठभागावर टेकला आहे त्याला लंब असते आणि पृष्ठभाग तिरका असेल तर तीही तिरकी होते. शिडीच्या उदाहरणातही हीच गल्लत होते. गुळगुळीत भिंतीला टेकलेल्या शिडीवर भिंतीची प्रतिक्रिया आडवी असते. पण शिडी एखाद्या गुळगुळीत कठड्याच्या काठावरून पुढे गेलेली असेल, तर त्या काठाची प्रतिक्रिया शिडीला लंब असते.

पसरलेल्या भाराचे एक उदाहरण घेऊ. ६ मीटर लांबीच्या बीमला, म्हणजे आडव्या तुळईला, डावीकडे ‘अ’ येथे हिंज आणि उजवीकडे ‘ब’ येथे रोलर आहे. डावीकडच्या ३ मीटरवर दर मीटरला ४ किलोन्यूटन असा समान पसरलेला भार आणि ‘अ’पासून ४ मीटरवर ९ किलोन्यूटनचा बिंदुभार आहे. पसरलेल्या भाराऐवजी १२ किलोन्यूटन १.५ मीटरवर धरले की ‘अ’भोवतीच्या आघूर्णांवरून ‘ब’ची प्रतिक्रिया ९ किलोन्यूटन आणि मग ‘अ’ची १२ किलोन्यूटन मिळते, आणि येथवर सहसा कोणी चुकत नाही. चूक होते ती नंतर, ‘अ’पासून २ मीटरवरचे नमनाघूर्ण, म्हणजे तेथे बीमला वाकवणारे आघूर्ण, काढताना. तेथे बीम कापल्यावर डाव्या तुकड्यावर फक्त ८ किलोन्यूटन भार उरतो आणि तो तुकड्याच्या मध्यावर, म्हणजे छेदापासून १ मीटरवर धरायचा असतो. म्हणून उत्तर २४ वजा ८, म्हणजे १६ किलोन्यूटन-मीटर येते. ज्याने आधीच काढलेला १२ किलोन्यूटनचा बाण तसाच वापरला, त्याला १८ मिळतात. भार आधी एकत्र करून मग बीम कापायचा नाही. आधी कापायचा आणि त्या तुकड्यावर उरलेला भार एकत्र करायचा. भार त्रिकोणी असेल तर एकूण बल लांबी गुणिले कमाल तीव्रतेच्या निम्मे असते आणि ते जड टोकापासून एक तृतीयांश अंतरावर लागते.

आघूर्ण काढताना तिरक्या बलाचे लंब अंतर भूमितीने शोधत बसण्यापेक्षा बलाचे दोन घटक करणे सोयीचे असते. बलाचे आघूर्ण त्याच्या घटकांच्या आघूर्णांच्या बेरजेइतके असते, असे फ्रेंच गणिती पिएर व्हॅरिन्यों (१६५४–१७२२) यांच्या नावाचा सिद्धांत सांगतो. पण मग दोन्ही घटकांची आघूर्णे घ्यावी लागतात, आणि विद्यार्थी उभा घटक घेऊन आडवा विसरतो. समजा, बिंदूपासून ०.४ मीटर उजवीकडे व ०.३ मीटर उंचीवर १०० न्यूटनचे बल आहे आणि त्याचे घटक ८० न्यूटन उजवीकडे व ६० न्यूटन खाली आहेत. तेव्हा २४ आणि २४ मिळून ४८ न्यूटन-मीटर घड्याळाच्या दिशेने येतात. तेच ८० न्यूटन डावीकडे असतील तर आघूर्ण शून्य होते, कारण बलाची क्रियारेषा त्या बिंदूतूनच जाते. एकच घटक धरणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा २४ हेच उत्तर मिळते.

घर्षणाच्या प्रकरणात तर ‘घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया (पृष्ठभागाने त्याला लंब दिशेने दिलेले बल)’ हे सूत्र पाठ असणेच घातक ठरते. २०० न्यूटन वजनाचा ठोकळा आडव्या जमिनीवर आहे, स्थितिक घर्षणांक ०.३ आहे आणि आडवे ४० न्यूटन बल लावले आहे. येथे घर्षण ६० न्यूटन लिहिणारे पुष्कळ जण असतात. ६० ही मर्यादा आहे, प्रत्यक्ष घर्षण ४० न्यूटनच आहे, नाहीतर ठोकळा ओढणाऱ्याच्या विरुद्ध दिशेला पळाला असता. आता तोच ठोकळा ६० न्यूटन बलाने आडव्याशी ३० अंश वर अशा कोनात ओढा. बलाचा उभा घटक ३० न्यूटन असल्याने लंब प्रतिक्रिया १७० न्यूटन उरते आणि घर्षणाची मर्यादा ५१ न्यूटन होते. आडवा घटक ५१.९६ न्यूटन आहे, म्हणून ठोकळा सरकतो. लंब प्रतिक्रिया म्हणजे वजनच असे गृहीत धरणारा मर्यादा ६० मानतो आणि ठोकळा स्थिर आहे असे ठामपणे लिहून मोकळा होतो.

उत्तर ऋण आले की घाबरून मध्येच बाण उलटा करणे ही आणखी एक सवय सोडावी. ऋण चिन्ह एवढेच सांगते की गृहीत धरलेली दिशा उलटी होती. बाण तसाच ठेवून ते चिन्ह पुढच्या समीकरणांत न्यावे. याला अपवाद आहेत. दोरीतला ताण ऋण आला तर दोरी सैल पडली आहे, आणि लंब प्रतिक्रिया ऋण आली तर संपर्क सुटला आहे, म्हणजे गृहीतकच बदलायला हवे. वस्तू सरकण्याच्या बेतात असताना घर्षणाची दिशा सुरुवातीलाच बरोबर काढावी लागते, कारण तेथे घर्षणाचे मूल्य सूत्राने बांधलेले असते आणि चुकलेली दिशा चिन्हाने आपोआप दुरुस्त होत नाही.

फ्रेमची, म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या भागांच्या सांगाड्याची, उदाहरणे अडली की आधी दोनच बिंदूंवर बल असलेला भाग शोधावा. त्यातले बल त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेतच असते आणि एक अज्ञात कमी होते. मात्र त्या भागावर मध्ये कुठे भार असेल किंवा त्याचे वजन धरायचे असेल, तर ही सवलत नाही. सुट्या केलेल्या दोन भागांवर एकाच सांध्यातली बले परस्परविरुद्ध दाखवायची, हे आकृती घाईत काढताना हमखास निसटते. आणि सोडवता सोडवता ० = ० हाती आले, तर त्याच वस्तूसाठी चौथे समीकरण लिहिले गेले आहे असे समजावे; नव्या बिंदूभोवती आघूर्ण घेऊन नवी माहिती निर्माण होत नाही, दुसरा भाग सुटा करावा लागतो.

तरीही उत्तर जुळले नाही, तर आपले उत्तर आणि पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर यांचे गुणोत्तर काढावे. ते ९.८१ असेल तर किलोग्रॅमलाच न्यूटन मानले गेले आहे. कोन ३० किंवा ६० अंशांचा असून ते १.७३ असेल, तर साइन आणि कोसाइनची अदलाबदल झाली असण्याचा संभव फार. उत्तर अगदीच विचित्र असेल, तर कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढून पाहावे; ०.५ ऐवजी −०.९८८ दिसले, तर तो रेडियनवर आहे. पुस्तकाच्या शेवटी उत्तर नसेल, तेव्हा आतापर्यंत न वापरलेल्या बिंदूभोवती आघूर्ण घ्यावे. वरच्या बीममध्ये ‘ब’भोवती १२ गुणिले ६ म्हणजे ७२ होतात, आणि दुसऱ्या बाजूला १२ गुणिले ४.५ अधिक ९ गुणिले २, म्हणजे ५४ आणि १८, तेही ७२.