उत्तर रोमन काळातील कांस्य नाणी कशी ओळखावीत

बोटाच्या पेरावर मावणारे, हिरवट काळे पडलेले रोमन नाणे हाती आले की नवखा संग्राहक प्रथम सम्राटाचे नाव वाचू पाहतो आणि तेथेच अडतो. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील या नाण्यांवर सगळे चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, म्हणून नाव शेवटी ठेवावे आणि सुरुवात वजनापासून करावी. 294च्या सुमारास सम्राट डायोक्लेशियनने आणलेले मोठे नाणे साधारण 10 ग्रॅमचे होते. पुढे ते घटत घटत शतकाच्या अखेरीस सर्वांत लहान नाणे ग्रॅमभराचे उरले. तांब्याच्या भांड्याप्रमाणे चिंच-मीठ लावून ते घासण्याचा मोह मात्र टाळावा, कारण हिरव्या थराबरोबर अक्षरेही जातात.

त्यानंतर मागची बाजू तिरप्या उजेडात, भिंगातून पाहावी. दोन सैनिक समोरासमोर उभे असतील, तर त्यांच्यामधील ध्वजदंड मोजावेत: दोन असल्यास नाणे 330 ते 335च्या आसपासचे, एकच असल्यास त्यानंतरच्या काही वर्षांतले. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारणारा सैनिक दिसला, तर ती 348पासून सुरू झालेली ‘फेल टेम्प रेपारातिओ’ (‘सुखाचे दिवस परत आले’ अशा अर्थाचा लॅटिन लेख असलेली) मालिका होय. लेख पुसला गेला तरी घोड्याच्या मानेला बिलगलेला तो स्वार सहसा ओळखू येतो. कैद्याला ओढणारी आकृती असेल, तर तिला पंख आहेत का ते पाहावे. बिनपंखी सम्राट बहुधा व्हॅलेंटिनियन किंवा व्हॅलेन्स या सम्राटांच्या काळाकडे नेतो, तर खांद्यावर विजयचिन्ह घेतलेली पंखधारी विजयदेवता 383नंतरच्या इवल्या नाण्यांवर आढळते.

चित्राखालच्या आडव्या रेषेखाली टांकसाळीची खूण असते. ‘एसआयएस’ म्हणजे सिस्किया (आजच्या क्रोएशियात), ‘एएनटी’ म्हणजे अँटिओक (आजच्या तुर्कस्तानात), ‘टीआर’ म्हणजे ट्रिअर (आजच्या जर्मनीत). येथे एक फसवी जागा आहे: ‘सीओएनएस’ ही खूण कॉन्स्टँटिनोपलची, पण शेवटी ‘टी’ आणि आधी ‘पी’ किंवा ‘एस’ असल्यास ते नाणे आजच्या फ्रान्समधील आर्लचे असते, कारण त्या शहराला त्या काळी कॉन्स्टँटिना हे नाव मिळाले होते.

आता नाव. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो हे ध्यानात ठेवावे. कॉन्स्टँटिनस, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स या तिन्ही नावांचा आरंभ सारखाच असल्याने निर्णय शेपटाकडच्या अक्षरांवरच होतो.

तमिळनाडूत करूर व मदुराई परिसरात, तसेच श्रीलंकेत अशी नाणी सापडली आहेत आणि त्यांच्या स्थानिक नकलाही मिळतात. लेखाच्या जागी नुसत्या रेघा असतील, तर ओढूनताणून सम्राट ठरवू नये. पाकिटावर वजन, व्यास, चित्राचा प्रकार आणि ‘नक्कल असण्याची शक्यता’ एवढेच पेन्सिलीने लिहावे.