आखूड बॅरल आणि वर सप्रेसर: एआर-१५ नीट चालवायची असेल तर

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. आधी कागदपत्रं उरकून घेऊ. १६ इंचांपेक्षा आखूड बॅरलची (म्हणजे नळीची) रायफल आणि सप्रेसर, म्हणजे बॅरलच्या तोंडावर बसवायचं आवाज कमी करणारं नळकांडं, दोन्ही १९३४ च्या एनएफए या शस्त्रांच्या केंद्रीय कायद्यात येतात, १ जानेवारी २०२६ पासून २०० डॉलरचा टॅक्स शून्य झालाय पण एटीएफची (शस्त्रांचं काम बघणारं केंद्रीय खातं) नोंदणी आहे तशीच आहे, मंजुरी हातात येईपर्यंत काही जोडायचं नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात सप्रेसर बंदच. आणि एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर शिकारीच्या लायसन्ससारखा अपवाद नसेल तर विषय सोडा.

आता बॅरल. एआर-१५ ची नेहमीची ५.५६ मिमीची गोळी वेगावर जगते. २० इंची बॅरलमधून एम१९३ ही लष्करी गोळी साधारण ३२०० फूट प्रति सेकंदाने निघते, १०.३ इंचावर आलात की त्यातले पाचेकशे गेले, शिवाय अर्धवट जळालेली दारू तोंडाशी पेटते म्हणून आवाज आणि झळ दोन्ही वाढतात आणि तो सगळा मार सप्रेसरच्या पहिल्या बॅफलवर (आतल्या गॅस अडवणाऱ्या चकतीवर) बसतो. म्हणून सप्रेसर घेताना कंपनीने किमान किती इंचाची बॅरल चालेल म्हटलंय ते बघाच. ९ इंचच हवी असेल तर सरळ .३०० ब्लॅकआउट हे दुसरं कॅलिबर घ्या, ती गोळी आखूड बॅरलसाठीच बनवलीय. ५.५६ मध्ये मला विचाराल तर साडेअकरा ते साडेबारा, त्याखाली जाण्यात हौस जास्त, फायदा कमी.

खरी कटकट गॅसची. गोळीमागचा थोडा गॅस बॅरलच्या भोकातून, म्हणजे गॅस पोर्टमधून, मागे येतो आणि बोल्टला, म्हणजे मागून गोळी बंद करणाऱ्या भागाला, ढकलतो. १०.३ इंचात गॅस पोर्टच्या पुढे जेमतेम अडीच-तीन इंच बॅरल उरते, तेवढ्या वेळात बोल्टला ढकलायचं म्हणून पोर्टचं भोक मोठं ठेवतात. त्यावर सप्रेसर लावला की दाब लवकर उतरत नाही, बोल्ट कॅरिअर (बोल्ट धरणारा भाग) सुसाट मागे येतो, रिकामी केस चेंबरला, म्हणजे गोळी बसते त्या जागेला, चिकटलेली असतानाच एक्स्ट्रॅक्टर (केस ओढणारा आकडा) ओढायला लागतो, मॅगझिनची स्प्रिंग पुढची गोळी वर आणेपर्यंत बोल्ट निघून गेलेला असतो, आणि बोल्ट हाताने ओढायच्या चार्जिंग हँडलच्या फटीतून धूर थेट डोळ्यात. केसच्या रिमवर (मागच्या कडेवर) ओरखडे दिसले, रिकाम्या केसेस फार पुढे उडायला लागल्या तर समजा गॅस जास्त होतोय.

उपाय करताना आधी बफर, म्हणजे बोल्टला मागे आवरणारं वजन, बदला, स्वस्त आहे. साधा कार्बाइन बफर ३ औंसांचा, जड एच२ ४.६ चा. तेवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक, ज्यात गॅस कमी-जास्त करता येतो. तो पूर्ण बंद करून मॅगझिनमध्ये एकच गोळी भरायची, झाडायची, थोडा उघडायचा, परत एक, असं बोल्ट शेवटी मागे अडकेपर्यंत, आणि मग वर एक-दोन क्लिक जास्त, कारण थंडी, घाण आणि कमजोर गोळ्या येणारच. सप्रेसर लावून ट्यून केलेली रायफल तो काढल्यावर चालेलच असं नाही, तुम्हाला दोन्ही हवं असेल तर मधली सेटिंग शोधावी लागते आणि ती दोन्हीकडे थोडी वाईटच असते. फ्लो-थ्रू सप्रेसर गॅस पुढे सोडतो, त्रास बराच वाचतो, किंमत मात्र चांगलीच मोजावी लागते.

पहिल्या फायरआधी रायफल रिकामी करून बॅरलमधून अलाइनमेंट रॉड (सरळ सळई) घालून बघा, रॉड सप्रेसरच्या भोकाच्या मधोमध दिसला पाहिजे. झीरो, म्हणजे नेम जुळवणं, सप्रेसर लावूनच करा. आणि कानात प्लग हवेतच, आखूड ५.५६ सप्रेसरसकट पण कानठळ्या बसवते.

दोन्ही कॅलिबर घरात असतील तर .३०० ची मॅगझिनं वेगळ्या रंगाची ठेवा. तीच मॅगझिनं दोन्हीत बसतात आणि .३०० ची गोळी ५.५६ च्या चेंबरमध्ये कोंबली जाऊन सुटली तर रायफल फुटते.