गरोदरपणातली दारू आणि मुलाचं मन: या चुका टाळा

गरोदरपणात घेतलेल्या दारूचा परिणाम बाळ जन्मल्याबरोबर दिसेलच असं नाही. पुष्कळदा तो दिसतो मूल शाळेत जायला लागल्यावर. एका जागी बसत नाही, काल शिकवलेलं आज विसरतं, एवढ्यातेवढ्या कारणाने भडकतं. तोवर काही वर्षं लोटलेली असतात आणि गरोदरपणाशी याचा संबंध असेल हे घरात कुणाच्या मनातही येत नाही. खालच्या चुकांपैकी मला बाळ जन्मल्यानंतरच्या चुका जास्त सतावतात, कारण त्या सुधारायला हातात वेळ असतो.

"बिअर-वाइनने काय होतंय?"

330 मिलीलीटरच्या साध्या बिअरमध्ये 30 मिलीलीटर व्हिस्कीपेक्षा कमी अल्कोहोल नसतं. पेय कुठलंही असो, अल्कोहोल वारेतून बाळाच्या रक्तात जातं. बाळाचं यकृत अजून कच्चं असल्याने ते लवकर बाहेर पडत नाही, आणि गर्भजलात साठलेलं बाळ पुन्हा गिळतं. गरोदरपणात किती घेतली तर चालते, याचं सुरक्षित प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिलेलं नाही, कारण तसं प्रमाण सापडलेलंच नाही. सर्दीवर चमचाभर ब्रँडी देणाऱ्यांनाही हेच लागू. आसव-अरिष्टांतही आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, तेव्हा तीही स्वतःच्या मनाने घेऊ नका.

"कळायच्या आधीच घेतली, आता थांबून काय उपयोग?"

उपयोग आहे, आणि मोठा आहे. मेंदूची वाढ नऊही महिने चालू असते, त्यामुळे ज्या दिवशी थांबाल त्या दिवसापासूनचं नुकसान टळतं. पाळी चुकल्याचं लक्षात येण्याआधी एखाद्या पार्टीत घेतली गेली, असं अनेकींचं होतं. प्रत्येक बाळावर परिणाम होतोच असंही नाही. रात्रंदिवस स्वतःला कोसत बसू नका, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा.

मात्र रोज पिण्याची सवय असेल तर एका झटक्यात, घरच्या घरी बंद करू नका. हात थरथरणं, झटके येणं असा त्रास होऊन आई आणि बाळ दोघांनाही धोका होऊ शकतो. दारू सोडवायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

"चेहरा तर छान आहे"

1973 मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल इथल्या डॉक्टरांनी गर्भातच दारूमुळे होणाऱ्या या आजाराला नाव दिलं, तेव्हा ओळखण्याची मुख्य खूण चेहरा होती: पातळ वरचा ओठ, ओठ आणि नाक यांमधली सपाट झालेली खाच, बारीक डोळे. आज त्याच्या सगळ्या प्रकारांना मिळून फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर म्हणतात, आणि यातल्या बहुसंख्य मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. चेहरा घडतो तो सुरुवातीच्या काही आठवड्यांत. दारूचा मारा नंतर झाला तर चेहरा सुटतो, मेंदू सुटत नाही. अनेकांची बुद्ध्यांक चाचणीही सर्वसाधारण येते, म्हणून शंका आणखी मागे पडते.

शिक्षा वाढवत नेणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. या मुलांना "असं केलं तर असं होईल" हा दुवा जोडायला खरोखर जड जातं. काल मार खाल्ला म्हणून आज तीच गोष्ट टाळायची, हे त्यांना जमत नाही. मोठ्यांना तो हट्ट वाटतो, मार वाढतो, आणि "मी वाईटच आहे" हे मूल मनात पक्कं करतं.

याचा शेवट कुठे होतो ते सिअ‍ॅटलमध्येच संशोधक अ‍ॅन स्ट्राइसगुथ यांनी 1996 मध्ये दाखवलं. दारूचा परिणाम झालेल्या 415 जणांच्या त्यांच्या अभ्यासात 90 टक्क्यांहून जास्त जणांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आरोग्याचा त्रास झाला होता. लहानपणी चंचलपणा आणि लक्ष न लागणं, पुढे नैराश्य. पण त्याच अभ्यासात एक दिलासाही आहे: ज्यांचं निदान सहाव्या वर्षाच्या आत झालं आणि ज्यांना स्थिर, मायेचं घर मिळालं, त्यांचे पुढचे हाल कमी झाले.

म्हणून एका वेळी एकच सूचना द्या, तीही थोडक्या शब्दांत. उठणं, जेवण, अभ्यास, झोप रोज त्याच क्रमाने ठेवा. चित्रांचा तक्ता भिंतीवर लावा. विसरलं तर न रागावता पुन्हा सांगा, दहाव्यांदाही. वर्गशिक्षकांनाही हे समजावून सांगा, नाहीतर घरात सावरलेलं शाळेत मोडतं.

डॉक्टरांपासून लपवणं

गरोदरपणात दारू घेतली होती हे सांगितलं नाही, तर मुलाच्या वागण्याला फक्त चंचलपणाचं लेबल लागून तपास तिथेच थांबू शकतो. बायका लपवतात त्या बोलणी खाण्याच्या भीतीने. तिला आग्रह करून पाजणारे, तिच्यासमोर रोज पिणारे घरातले लोक मात्र नामानिराळे राहतात, हे मला अजिबात पटत नाही. नवऱ्याने त्या नऊ महिन्यांत स्वतः बंद केली तर तिला खूप सोपं जातं.

मूल आधीच मोठं झालं असेल तरी बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना ही माहिती द्या. विकासाच्या तपासणीसाठी सरकारी रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. कुणाशी बोलायचं हेच सुचत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.