कोलांटी वाकडी जात होती, ती अशी सरळ केली

कोलांटी वाकडी जाते त्याचं कारण बहुतेक वेळा हातांत असतं. एक तळवा आधी टेकला किंवा एक कोपर जास्त दुमडलं की अंग त्याच बाजूला कलंडतं. शिवाय घाबरलेलं मूल टाळू टेकवतं आणि सगळा भार मानेवर येतो. आधी हे थांबवायचं.

सराव समुद्रकिनारी वाळूवर करायचा, पण गुहागर, मुरुड, कुठलाही किनारा असो, ओहोटीची ओली सपाट वाळू नको. दिसते छान, पण लादीसारखी टणक असते. भरतीरेषेच्या वर, सुरूच्या बनाकडची कोरडी वाळू घ्या. सुरूची बोंडं, फुटक्या शिंपल्या हाताने चाळून काढा. दीड मीटर लांब, वरच्या टोकाला वीतभर उंच असा उतार थापा. त्यावर दुहेरी गोधडी, कडा वाळूत पुरलेल्या (नाहीतर ती सरकतेच), आणि मधोमध खडूची रेघ.

हनुवटीखाली रुमालाची घडी धरायला सांगा. घडी पडली म्हणजे मान सुटली. तळवे रेघेच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांइतक्या अंतरावर, एकाच वेळी. कंबर वर, नजर पोटाकडे. डोक्याचा मागचा भाग निसटता लागला तर लागू दे, पण भार खांद्यांमागच्या पाठीवरच यावा. मदतनिसाने बाजूला गुडघ्यावर बसून मांडीला आधार द्यायचा, ढकलायचं अजिबात नाही.

जमलं की उतार थोडा थोडा कमी करा. उलटी कोलांटी एवढ्यात नकोच. मान दुखली किंवा हाताला मुंग्या आल्या तर सराव तिथेच बंद, आणि थेट डॉक्टरांकडे.